पाहुणे येईपर्यंत खिशात राहिलेले लाल कार्ड

मी एक जुने लाल कार्ड आहे आणि माझे डोके फिरलेले आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणतो ते रीत म्हणून. मैदानाबाहेर बसून ‘सर, सोडून द्या’ असे ओरडणारे तुम्हीच होता.

नाशिकच्या एका खेळसाहित्याच्या दुकानातून भारत सरांनी मला विकत घेतले. सोबत नुसती ताकीद देणारे एक पिवळे कार्ड होते. सर शाळेत खेळ शिकवतात आणि रविवारी फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून जातात. पहिल्याच वर्षी कोपर मारणाऱ्या एका दांडगटाला मी बाहेर काढले, तेव्हा सगळ्यांनी सरांची पाठ थोपटली. पुढे लोकांची कुरकुर वाढली आणि सर कच खाऊ लागले. सगळे काम त्या गुळमुळीत पिवळ्याला मिळाले. मी खिशात घामाने कुजलो.

मग चांदवडचा अंतिम सामना आला. आठव्या मिनिटाला यजमान संघाच्या सनीने दोन्ही पाय हवेत उचलून, बुटाचे खिळे पुढे करून मनमाडच्या आयुषच्या नडगीवर उडी घेतली. चेंडू केव्हाच पुढे गेला होता. यात ठरवायचे काय होते? सरांचा हात माझ्यापर्यंत आला.

तेवढ्यात आयोजक सहादूनाना धावत आले. आमच्याकडे प्रमुख पाहुणे उशिराच येतात. ते आले की सामना थांबवून दोन्ही संघ रांगेत उभे करतात आणि फोटो काढतात.

“सर, पाहुणे अजून वाटंत हायेत,” नाना म्हणाले. “फोटोत आमची दहाच पोरं दिसली तर लय वाईट दिसंल. पिवळ्यावर भागवा ना!”

“पहिलाच फाऊल आहे म्हणा,” सर पुटपुटले आणि त्यांनी पिवळे काढले. मला त्यांची किळस आली.

पाहुणे आले. त्यांनी सनीचाही हात हातात घेतला, फोटो झाला. खेळ सुरू होऊन पाच मिनिटे झाली नाहीत, तोच सनीने तशीच उडी घेतली. या वेळी आयुषचे हाड मोडल्याचा आवाज मी खिशातून ऐकला.

आता सरांनी मला उंच धरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निर्लज्ज कुठले!

आयुषची आई, चैतालीताई, मैदानात धावत आली. मंगळवारी पुण्याला क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी होती. त्यासाठी आयुष वर्षभर पहाटे उठून धावत होता. पोराचे डोके मांडीवर घेऊन तिने माझ्याकडे बोट दाखवले.

“सर, हे मघाशी नव्हतं का खिशात?”

मंगळवारी चाचणी झाली आणि आयुष दवाखान्यात पडून होता.

मित्रांनो, मला जपू नका, पुसू नका, चुरगळलो तरी चालेल. उद्या तुमच्यातला कोणी पंच होईल. असाच एखादा नाना धावत येईल आणि ‘जरा थांबा’ म्हणेल. तेव्हा त्याच्याकडे पाहू नका, खाली पडलेल्या पोराकडे पाहा, आणि मला बाहेर काढा.