सातवी तळटीप

त्या शुक्रवारी कोक-अर्चाच्या फुटबॉल मैदानावर जेवढी माणसं जमली होती, तेवढी आमच्या तुल्पार क्लबला तीस वर्षांत मिळाली नव्हती. सामना मात्र नव्हता. सगळी गर्दी उत्तरेकडच्या गोलपाशी. बायांच्या हातात बाटल्या, म्हाताऱ्यांच्या हातात बरण्या. एकाने तर वासराची बादलीच आणली होती. गोलच्या तोंडाशी कमरेइतका खड्डा पडला होता आणि त्यात उभा राहून दोसमात माती वाटत होता.

हा दोसमात पूर्वी बसथांब्यामागे टायरची पंक्चरं काढायचा. आता डोक्यावर पांढरा कलपाक चढवून तो वैद्य झाला होता. बोलणं मात्र फार नम्र.

"मी कोण? मी फावडं धरणारा. माझ्यावर नका विश्वास ठेवू. ज्ञानकोशावर ठेवा, सगळं जग वाचतं तो. काढा फोन. तुल्पारचं पान, चौथी ओळ. वाचा मोठ्यानं."

कोणीतरी वाचायचं, "१९७८ साली गोलरक्षक मुकाश यांचा असाध्य आजार उत्तरेकडच्या गोलची माती लावताच बरा झाला."

"आणि शेवटी बारीक आकडा कितीचा?"

"सातचा."

"सात. तळटीप. म्हणजे पुरावा. माझ्या आजीच्या काढ्याला होती का तळटीप? नव्हती. या मातीला आहे. पाण्यात कालवा, उपाशीपोटी घ्या, आणि बाकीची औषधं बंद. मातीला भागीदार चालत नाही."

मुकाश माझा नवरा. त्याला जाऊन तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती. मी गर्दीच्या कडेला उभी राहून त्याचं नाव ऐकत होते. मला ते ऐकायला बरं वाटत होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

ती ओळ माझ्यादेखत लिहिली गेली होती. शाळेत भूगोल शिकवणारा एलमुरात आणि त्याचे तीन मित्र आदल्या हिवाळ्यात दर रविवारी चहाखान्यात बसून ज्ञानकोशातलं क्लबचं पान सुधारायचे; ते कोणालाही फोनवरून बदलता येतं. आधी त्या पानावर तीनच ओळी होत्या, त्यातही मैदानाचं नाव चुकलेलं. मी क्लबची सव्वीस वर्षं कारकून. सामन्यांच्या वह्या मीच लिहिल्या. म्हणून मला बोलावून घेत, समोर तळलेले बोरसोक ठेवत आणि विचारत, "आपा, एकाहत्तरचा कर्णधार कोण? आपा, निळी जर्सी कधीपासून?" गावची कोळशाची खाण बंद पडल्यापासून मला इतके प्रश्न कोणी विचारले नव्हते.

असंच एकदा मी मुकाशच्या त्या सामन्याचं सांगितलं. अंगात ताप, उभं राहवत नव्हतं. पण त्याने गोलची माती तळव्यांना चोळली, कपाळाला लावली आणि नव्वद मिनिटांत एकही गोल होऊ दिला नाही. सांगताना माझा आवाज भरून आला. एलमुरात लिहीत होता.

"ताप काय आपा, ताप कोणालाही येतो," तो म्हणाला. "जरा चढवून लिहितो. जग वाचणार आहे."

मी हसले. 'नको' म्हणाले नाही.

थोड्याच दिवसांत कुठल्याशा अनोळखी माणसाने त्या ओळीपुढे 'पुरावा हवा' अशी खूण केली. या चौघांना ते क्लबच्या झेंड्यावर थुंकल्यासारखं वाटलं. महिन्याभराने ती खूण गेली आणि सात आकडा आला. कसा, ते मी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी रांगेत एलमुरातची बायको बूरमा होती. सोबत तोही होता. तिला बारा वर्षांचा मधुमेह, रोज इन्सुलिनची सुई. चेहरा मातकट झाला होता, श्वास धावून आल्यासारखा लागत होता. तेवढ्यात दवाखान्यातली नवी डॉक्टर जिपार फाटकातून तरातरा आली. ती दुसऱ्या गावची. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"बूरमा एजे, आठवडाभर औषधाला आला नाहीत. सुई कधी घेतलीत?"

"शनिवारी."

"शनिवारी?" एलमुरात वळला. "तू मला रोज घेतली म्हणून सांगत होतीस."

"बरी झाल्यावर सांगणार होते."

"अगं, या पंक्चरवाल्याच्या नादानं?"

"त्याच्या कशाला?" बूरमा दम खात म्हणाली. "तुम्ही लिहिलंय ना ते. फुटबॉलचं मी कधी काही वाचलं नाही, ते तेवढं वाचलं. तुम्ही काही खोटं लिहायचा नाहीत."

एलमुरातने तिच्या हातातली बाटली काढून घेतली.

"डॉक्टरीणबाई," दोसमात खड्ड्यातून म्हणाला, "लहान आहात म्हणून सांगतो. हे छापील आहे. तळटीप आहे."

"कुठली तळटीप, दाखवा."

"सातवी. जिल्ह्याचं साप्ताहिक. वीस मार्च."

जिपारने एलमुरातकडे पाहिलं. "एलमुरात बाइके, तुम्ही ही ओळ कधी लिहिलीत? पानाचा जुना इतिहास दिसतो ना फोनवर? काढा."

त्याने काढला. "तीन फेब्रुवारी."

"आणि साप्ताहिकाने वीस मार्चला छापलं. त्यांना कोणी सांगितलं?"

त्याने फोन खिशात घातला. मग म्हणाला, "मी. तिथे माझा मित्र आहे. खूण काढायची होती, म्हणून त्याला म्हटलं, आमच्या पानावरची ओळ छाप. त्याने तशीच छापली. मग मी त्याचाच पुरावा दिला."

"म्हणजे तुमचं ऐकून त्याने छापलं, आणि त्याने छापलं म्हणून तुमचं खरं."

"हो."

गर्दीत कुजबुज झाली. पण बरण्या रिकाम्या झाल्या नाहीत. एक म्हातारी म्हणाली, "कागदाचं जाऊ दे. मुकाश बरा झाला होता की नाही? कालिपा तिथे उभी आहे. तिला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. दोसमातही हसून म्हणाला, "सांगा आपा. तुमच्याच घरातला चमत्कार."

मला तो सामना तसाच ठेवायचा होता. माझ्याकडे मुकाशचं दुसरं काय उरलं होतं? पण बूरमाने खाली बसून घेतलं होतं आणि तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"तो माती रोजच चोळायचा," मी म्हणाले. "हातमोजे ओले झाले की चेंडू निसटायचा, म्हणून. त्या दिवशी सामन्याआधी खाणीच्या डॉक्टरने त्याला ताप उतरायची सुई दिली होती. आणि गोल झाले नाहीत, कारण समोर नऊच जण होते. त्यांची बस घाटात बर्फात अडकली होती. रात्रभर चालत आले होते बिचारे. त्यातला एक मध्यंतरात उभ्या उभ्या झोपला. सामना संपल्यावर मुकाश अकरा दिवस इस्पितळात होता. मूत्रपिंडं तेव्हाच बिघडली होती. चौथ्या वर्षी त्यानेच गेला. वहीत सगळं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. मी तुम्हाला फक्त मातीचं सांगितलं."

मी त्या म्हातारीच्या बरणीकडे बोट दाखवलं.

"आणि ती माती बघ कसली आहे. या मैदानाची माती खाणीच्या धुळीने काळी, मुकाशचे मोजे मी धुतलेत. ही तांबडी आहे, वीटभट्टीवरची. गोलची माती केव्हाच संपली, आता हा पहाटे ट्रॉली आणून खड्डा भरतो."

दोसमात 'माती पाताळातून वर येताना रंग बदलते' असं काहीसं सांगू लागला. पण म्हातारीने बरणी त्याच्या पायाशी उपडी केली, आणि मग एकेकाने.

जिपार आणि एलमुरातने बूरमाला उचलून गाडीत घातलं. जाताना ती मला म्हणाली, "आपा, सामना छान सांगितला होता तुम्ही, असं हे म्हणत होते."

जिल्ह्याच्या इस्पितळात ती चौथ्या दिवशी वारली. दोन दिवस आधी आली असती तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी त्याच मैदानावर त्याआधीचे दोन शुक्रवार उभी होते.

बूरमाच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर एलमुरात माझ्या घरी वही मागायला आला. आम्ही दोघांनी मिळून ती ओळ काढली. काढायला मिनिटही लागलं नाही. तिच्या जागी आता असं आहे: 'सामना बर्फवृष्टीत झाला. पाहुण्या संघाचे नऊ खेळाडू होते. गोलरक्षक मुकाश आजारी असताना खेळले.' त्यापुढे आकडा आहे, आणि आकड्याखाली माझी वही, पान एकशे चौदा. ते पान कोणालाही माझ्याकडे येऊन बघता येईल.

मी म्हातारी बाई आहे, उपदेश करायचा मला अधिकार नाही. एवढंच सांगते. छापलेलं असलं तरी विचारा, हे आधी कोणी सांगितलं. तो माणूस सापडला तर त्यालाही विचारा, तुम्ही काय सांगायचं बाकी ठेवलंत. तो तुमच्या घरातला असला, तुमचा लाडका असला, सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर जास्तच विचारा. आणि सुई बंद करू नका.

मला त्या हिवाळ्यात कोणी एकाने जरी विचारलं असतं, तरी मी वही उघडली असती.