कोऱ्या कोपऱ्यातली टाचणी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. अख्खी अमेरिका माझ्या अंगावर पसरली आहे. पण ज्यांच्या भिंतीवर मी आयुष्य काढलं, त्यांना तिच्यातला वीतभर तुकडाच पुरला.

शिकागोच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. अंगावर डोंगर आले, नद्या आल्या, दोन्ही कुशींना निळे समुद्र आले. ओल्या शाईच्या वासात मी मनाशी म्हटलं, माझ्यापुढे उभी राहून माणसं लांबलांबचे बेत करतील. मग मला बुचाच्या फळीवर ताणलं आणि नेब्रास्कातल्या लॉडेल गावच्या वैद्यकीय महाविद्यालयात, अधिष्ठाता डॉ. श्लुटर यांच्या कचेरीबाहेर टांगलं. त्याला एकतीस वर्षं झाली.

माझं काम वर्षातून एकाच दिवसाचं. शिकून झाल्यावर नव्या डॉक्टरला तीन-चार वर्षं एखाद्या इस्पितळात उमेदवारी करावी लागते. मुलं इस्पितळांची यादी लावतात, इस्पितळं मुलांची, आणि यंत्र दोघांच्या जोड्या जुळवतं. मार्चमधल्या एका शुक्रवारी पाकिटं फुटतात. ज्याला जिथे जायचं, तिथे तो माझ्या अंगात टाचणी टोचतो. सुरुवातीला माझं काय कौतुक होतं! पाहुणे आले की डॉ. श्लुटर त्यांना आधी माझ्यापुढे आणायचे. "आमची मुलं देशभर पसरलीत," असं सांगायचे. मी मान खाली घालायचो. पसरलीत म्हणे! लॉडेलभोवती इतकी भोकं पडली आहेत की गावाचं नावही उरलं नाही. आणि समुद्राकाठ? घडी न मोडलेल्या लुगड्यासारखा कोरा.

हे असं का होतं, ते सांगतो. लांबची इस्पितळं अर्ज उघडतात आणि आधी कॉलेजचा पत्ता वाचतात. 'नेब्रास्का? ही कशाला येतेय इकडे?' की अर्ज बाजूला. इकडचे शहाणे त्यांच्यावर ताण. लांबचे घेत नाहीत, मग लांब अर्ज करायचाच कशाला? दोन शेजारी एकमेकांच्या दाराला बाहेरून कडी लावून बसले आहेत, आणि दोघांचीही तक्रार एकच, की घरी पाहुणाच येत नाही.

अशा गावात ब्रिटा बील शिकत होती. ती सहा वर्षांची असताना आई-बाप वेगळे झाले. आई तिला घेऊन लॉडेलला आली. बाप, एल्डन, ईशान्येच्या टोकाला, मेन राज्यात राहिला. तो समुद्रात पिंजरे टाकून शेवंडं धरायचा. दर उन्हाळा ब्रिटाचा त्याच्या होडीवर जायचा. आता एल्डनची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी दोन-तीन वर्षं सांगितली होती. त्याच्या घरापासून चाळीस मिनिटांवर एक इस्पितळ होतं. तिथे जागा मिळावी आणि बापाला आपला चेहरा दिसतोय तोवर त्याच्याजवळ राहावं, एवढंच तिला हवं होतं.

सप्टेंबरातली दुपार होती. माझ्याखाली कचेरीतल्या लवॉनबाईंचं टेबल. बाई घेवड्याचा तिखट रस्सा आणि दालचिनीचा गोड रोल खात होत्या. खाता खाता त्यांनी ब्रिटाचा अर्ज बघितला.

"अगं, देशाच्या कुठल्या भागात जायचंय आणि का, ही चौकट रिकामी?"

"कुठेही चालेल मला."

"कुठेही? आणि तिकडे बाबा तुझी वाट बघतायत ते?"

"त्यांच्या डोळ्यांचं लिहायचं, म्हणजे दया मागितल्यासारखं वाटतं, लवॉनमावशी. आणि बाकीच्या इस्पितळांना काय वाटेल?"

"त्यांना काही वाटत नाही गं. त्यांना पगार मिळतो."

तेवढ्यात डॉ. श्लुटर बाहेर आले. "बरोबर केलंस, ब्रिटा. आपल्याकडच्या माणसाला हे शोभतं." मोजक्याच इस्पितळांना 'तुम्ही मला खास हवे आहात' अशी खूण पाठवता येते. त्याबद्दलही त्यांनी सल्ला दिला. "ती खूण मेनवर वाया घालवू नकोस. ते आपल्या मुलांना विचारत नाहीत. जवळच्यांना पाठव."

थोरांना उलट बोलायचं नाही, अशा घरात वाढलेली पोर. तिने सगळ्या खुणा जवळच पाठवल्या.

काय म्हणावं या लोकांना! जेवायला बसले तरी 'वाढा' म्हणणार नाहीत. वाढणाऱ्याने तीनदा विचारायचं, यांनी दोनदा नको म्हणायचं. पण अर्जातली चौकट एकदाच विचारते, मित्रांनो. ती आग्रह करत नाही.

डिसेंबर आला तरी मेनहून मुलाखतीचं बोलावणं नाही. लवॉनबाईंनी ब्रिटाला खुर्चीत बसवलं आणि फोन लावून दिला. पलीकडची बाई मऊ आवाजात बोलली.

"गुण छान आहेत गं तुझे. पण कॉलेज नेब्रास्का, घर नेब्रास्का, कारण कोरं. आम्हाला वाटलं, तू सगळीकडेच अर्ज टाकत सुटलीयस."

"माझे बाबा तुमच्यापासून चाळीस मिनिटांवर राहतात. त्यांना दिसेनासं होतंय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"हे लिहायचं ना, बाळा. आता जागा भरल्या."

मार्चमध्ये पाकीट फुटलं. रस्त्यापलीकडचं, लॉडेलचंच इस्पितळ. "घरची पोर घरी राहिली," म्हणत डॉ. श्लुटरांनी टाळ्या वाजवल्या. ब्रिटाने टाचणी टोचली. ती खाली पडली. पुन्हा टोचली, पुन्हा पडली. तिथे कागदच उरला नव्हता.

मे महिन्यात पदवीदान झालं. एल्डन अडीच दिवस आगगाडीत बसून आला. तो लेकीकडे बघायचं म्हणून तिच्या कानापलीकडे बघत होता.

"सरळ बघितलं की तू नाहीशी होतेस. कडेकडेने दिसतेस," तो म्हणाला.

"मग माझ्या कानाशी बोला, बाबा."

हसत हसत त्याने माझ्यावर हात ठेवला. दोरखंडांनी सोललेला तळवा. असा स्पर्श मला एकतीस वर्षांत झाला नव्हता.

"हे काय, देवीचे व्रण?"

"ते लॉडेल."

"आणि आपलं घर?"

तिने त्याचं बोट उचलून ईशान्येच्या टोकाला नेलं. ते बोट तिथे फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं.

"ओहोटीनंतरच्या वाळूसारखं आहे गं. इकडे कुणी आलंच नाही?"

ब्रिटाने त्याचं बोट तिथेच धरून ठेवलं.

"मी आलो की तिकडून. त्याची टाचणी नसते?"

"टाचणी जाणाऱ्यांची असते, येणाऱ्यांची नाही," लवॉनबाई म्हणाल्या.

"विचित्रच आहे की तुमचा नियम."

"आहेच," बाई म्हणाल्या, आणि खणातून एक लाल टाचणी काढून त्यांनी त्याच्या हातात दिली. ब्रिटाने जागा धरली, त्याने अंगठ्याने दाबली. कोरा, घट्ट कागद. टाचणी पहिल्याच वेळी बसली.

सोमवारी डॉ. श्लुटरांनी ती उपटली. माहितीपत्रकासाठी माझा फोटो काढायचा होता आणि हिशेबात एक टाचणी जास्त भरत होती.

आता भिंतीवर चकचकीत डिजिटल पडदा आहे आणि मी अडगळीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, मित्रांनो: कुठे जायचंय असं कुणी विचारलं, तर पहिल्याच वेळी सांगा, आणि का ते सांगायला लाजू नका. आणि उद्या माणसं निवडायची पाळी तुमच्यावर आली, तर पत्ता वाचून झाल्यावर माणूसही वाचा.

डॉ. श्लुटरांनी टाचणी काढली खरी. पण भोक कसं काढायचं, ते त्यांना अजून कुणी शिकवलेलं नाही.