समुद्राचा पलीकडचा काठ

नागोजीरावांनी मुंबई पाहिली होती, आणि त्याची शिक्षा गल्लीतली माणसं भोगत होती. जहाजात घोडे चढवायला उशीर झाला म्हणून म्हैसूरच्या घोडदळाला मुंबईत दोन दिवस मोकळे मिळाले, एवढीच खरी हकीकत. पण पहिल्या महायुद्धातली मिसर देशातली, म्हणजे इजिप्तमधली, लढाई संपवून परत आल्यावर हे दफेदार लढाईबद्दल चकार शब्द काढत नसत आणि मुंबईबद्दल तोंड मिटत नसत. राजाबाई टॉवरचं घड्याळ, मुंबादेवी, घंटा वाजवत जाणारी ट्राम, चौपाटीवर हवा खाणाऱ्या पारशिणी. राणीच्या बागेत लोक हत्ती बघायला गर्दी करतात हे सांगताना तर ते इतके हसत की त्यांना धाप लागे. दसऱ्याच्या मिरवणुकीत उभा जन्म हत्ती पाहिलेल्या म्हैसूरकरांना मुंबईला हसायची तेवढीच एक संधी मिळे.

एका गोष्टीपाशी मात्र त्यांची गाडी अडायची. कोणी समुद्राचं विचारलं, की नागोजीराव चटकन ट्रामवर यायचे.

त्याचं कारण घरातच होतं. लढाईवर निघायच्या दिवशी बायकोने, गिरिजाबाईंनी, डोळ्यांत पाणी आणून, नवऱ्याला मानाने लावायचं कानडी 'री' जोडून विचारलं होतं, "समुद्र म्हणजे केवढा असतो री?" नागोजीरावांनी तरी तोवर कुठे पाहिला होता? पण त्यांनी ठोकून दिलं, "केवढा म्हणजे काय, आपल्या कुक्करहळ्ळीच्या केरेच्या तळ्याएवढा. थोडा मोठा असंल. या काठावरनं पलीकडचा काठ दिसतो. तिकडं बरं वाटलं नाही, तर बसायचं होडीत आणि यायचं परत."

गिरिजाबाईंनी डोळे पुसले. एवढंच नव्हे, ती पाच-सहा वर्षं त्यांनी त्या काठाच्या भरवशावर मजेत काढली. गल्लीत कुणा शिपायाची बायको रडायला लागली, की या जाऊन तिला दटावायच्या, "अय्यो, रडतीस काय? पलीकडचा काठ दिसतो म्हणं!" नवरा मुंबईचा जाणकार, तर बायको समुद्राची. तोफांच्या तोंडावर घोडा घालून आलेल्या नागोजीरावांना घरी तेवढं खरं सांगायचं धाडस काही झालं नव्हतं.

आणि त्यात तिरुमलरावांनी फोटोच्या मागे टांगायला मुंबईचा पडदा रंगवायला काढला. त्यांचं मार्केटजवळ फोटोचं दुकान होतं. आजवर लोक तिथे रंगवलेल्या राजवाड्यापुढे बसून फोटो काढून घेत. पण खरा राजवाडा हाकेच्या अंतरावर असताना खोट्यापुढे किती दिवस बसणार? दसऱ्याची गर्दी सुरू व्हायच्या आत सबंध मुंबई एका कापडावर पाहिजे, असं तिरुमलरावांनी ठरवलं आणि काम दिलं पद्मनाभाला. पद्मनाभ रंगाऱ्यांच्या घरातला. लुगड्यांवर ठसे उठवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण श्रीरंगपट्टणच्या पलीकडे त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तेव्हा सल्ला द्यायला कोण? नागोजीराव.

रोज संध्याकाळी ते स्टुलावर बसत, मिशीला पीळ देत आणि हुकूम सोडत. टॉवर वाढव. ट्राम इकडे घे. हत्ती लहान कर, मुंबईचा आहे तो. पद्मनाभ सगळं हौसेने रंगवत होता; हाताच्या सवयीने ट्रामवरसुद्धा कोयरीची नक्षी आली. शेवटी मागची मोठी जागा तेवढी उरली आणि त्याने विचारलं, "मामा, आता समुद्र. मागं काय घालू?"

नागोजीरावांचा मिशीवरचा हात खाली आला. कारण या पडद्यापुढे पहिला फोटो त्यांचाच निघायचा होता. गिरिजाबाईंनी हट्टच धरला होता, "तुमी मुंबई बगितली, मी निदान मुंबईत दिसते तरी!" पडद्यावर काठ नसला, तर त्यांना काय उत्तर द्यायचं?

"काठ घाल," नागोजीराव म्हणाले. "दोन चिंचेची झाडं, एक देऊळ."

पद्मनाभाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पलीकडे काठ नसलेलं पाणी त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. खुशीत येऊन त्याने दगडावर कपडे आपटणारा एक धोबीही काढला.

फोटोच्या दिवशी तिरुमलरावांनी तयार पडदा टांगला, दोन पावलं मागे सरकले आणि ओरडलेच. ते मद्रासला जाऊन आले होते. "समुद्राच्या पलीकडे धोबी? अरे, दसऱ्याला गावोगावचे मोठमोठे लोक येणार, माझ्या नावानं दात काढतील! तुला काम दिलं हीच माझी चूक. कोणी सांगितलं तुला हे?"

स्टुलावर बसलेले मामा छताकडे बघत होते. पद्मनाभाने मान खाली घातली, पण त्यांचं नाव घेतलं नाही.

तेवढ्यात शालू नेसून, नथ घालून गिरिजाबाई आत आल्या. तिरुमलराव नागोजीरावांकडे वळले. "तुमीच सांगा दफेदार. तुमी ओलांडून आलाय. काठ दिसतो की नाही?"

"दिसतो की!" गिरिजाबाईच हसून म्हणाल्या. "न दिसायला काय झालं?"

नागोजीरावांनी बायकोकडे पाहिलं, मग पद्मनाभाकडे. आणखी एक थाप मारली असती तर घर सुरक्षित राहिलं असतं, पण त्या बिचाऱ्याचं गावभर हसं झालं असतं. मुंबईविषयी बोलताना आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "नाही दिसत. काठ मीच घालायला सांगितला. त्याची काही चूक नाही."

"मग काय दिसतं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"पाणी."

"आणि त्याच्या पल्याड?"

"पाणीच. कितीक दिवस नुसतं पाणी. घोडेसुद्धा भ्यायलेले."

पद्मनाभाचा जीव भांड्यात पडला. त्याने निळा रंग कालवला आणि रुंद कुंचला त्या काठावरून फिरवला. धोबी गेला, देऊळ गेलं, चिंचा गेल्या. गिरिजाबाई बघत राहिल्या.

नागोजीराव बोलणी खायच्या तयारीत बसले. चारचौघांत खावी लागणार, आणि तीही कन्नडमध्ये, कारण गिरिजाबाईंचा राग मराठीत मावत नसे. पण राग कुठला? त्यांचा चेहरा उतरला होता. ज्या भीतीत गल्लीतल्या बायकांनी ती सगळी वर्षं काढली, ती भीती त्यांना आत्ता वाटत होती, नवरा धडधाकट समोर बसलेला असताना.

"आणि मी रोज पोटभर जेवत होते री," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर तसं सांगितलं होतं," नागोजीराव पुटपुटले.

उजेड कमी होत होता, तिरुमलरावांना घाई होती. रंग ओला असला तरी फोटोत कळत नाही म्हणत त्यांनी रिवाजाप्रमाणे दफेदारांना खुर्चीत बसवलं, बाईंना बाजूला उभं केलं आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं. लगेच बाहेरही काढलं. नवऱ्याच्या खुर्चीला हात लावायलाही बायका लाजायच्या त्या काळात गिरिजाबाईंनी सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"बाई, हात सोडा. असा फोटो कोण काढतं? लोक हसतील."

"हसू दे," गिरिजाबाई म्हणाल्या. "मी नाही सोडत. मागं एवढं पाणी हाय, दिसत नाही तुमाला?"