ससाणीचा तळपाय

गाडीत बसल्याबरोबर मौजाने ओढणी नाकाला लावली. "खलफान, गाडीत काय मेलंय?"

"सकाळीच उदाचा धूर दिलाय. भारीतला आहे," तिचा भाऊ म्हणाला.

धूर भारीतलाच होता. पण त्याच्या खालून दुसरा वास येत होता. मौजाचं वय अडुसष्ट. लहानपणी तिने वाळूत कुजलेले उंट पाहिले होते, त्यामुळे हा वास तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भर जुलैत खलफानच्या डाव्या पायात चपलेच्या आत मोजा होता. तीन आठवडे होता. आज तो पाय डॉक्टरला दाखवायला तो कबूल झाला होता, पण एका अटीवर. आधी दाना.

दाना ही त्याची ससाणी. डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून ती दोघांच्या मध्ये, तिच्या बसायच्या दांडीवर बसली होती. तिचाही तळपाय सुजला होता.

फाटकातून निघून गाडी पन्नास पावलांवर थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि चहावाल्याने घट्ट दुधाचा, गोडमिट्ट चहा खिडकीतून आत दिला. गावात चहासाठी कुणी गाडीतून उतरत नसे. उतरलं तर लोक विचारत, गाडी बिघडली का?

या दोघांचा बाप खजूर विकायला उंटामागे तीन-तीन दिवस चालत किनाऱ्यावर जायचा. मग तेल निघालं. सरकारने घर दिलं, वीज दिली, रस्ता दिला. चालायचं कारण तेवढं परत घेतलं. आता गावात साखरेच्या आजाराची तीन इस्पितळं होती, तिन्हींना काचेच्या लिफ्ट. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना ती आवर्जून दाखवली जात. मौजाच्या सात भावंडांपैकी पाचजण, खलफान धरून, इन्सुलिनवर होते. लग्नात ते आधी सुई टोचून घेत आणि मग हलव्याच्या परातीकडे वळत. पट्टा लावला की गाडी वाटेल तशी हाणायला मोकळे, तसे.

ससाण्यांच्या दवाखान्यात हिरव्या गालिच्यावर पंधरा पक्षी टोप्या घालून उपाशी बसले होते. मालक भिंतीच्या कडेने सोफ्यांवर बसून खात होते. डॉक्टर इद्रीस सुदानी होते, किडकिडीत आणि कमी बोलणारे. त्यांनी दानाला तपासणीच्या टेबलावर घेतलं.

"वजन?"

"अकराशे बावीस ग्रॅम," खलफान म्हणाला. "रोज सकाळी काट्यावर घेतो. एक दिवस चुकत नाही."

"आणि तुझं?" मौजाने विचारलं.

"मला काय उडायचंय, उम्म सैफ?" 'सैफची आई' अशी थोरल्या मुलाच्या नावाने तो तिला हाक मारी तेव्हा त्याला चेष्टा करायची असे.

"शंभर ग्रॅम जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "उडते किती?"

"उन्हाळा आहे ना. एसीत असते."

"बसून खाते, म्हणजे सगळा भार तळपायावर. मग पाय असाच सडतो. खाणं मोजून द्या, रोज हलवा. नाहीतर पाय जाईल."

"तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर." खलफानचा चेहरा गृहपाठ न केलेल्या मुलासारखा झाला. "तिच्या जिवाशी खेळ नको."

मौजाने भावाकडे पाहिलं. आता तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडेल म्हणून ती वाट पाहत राहिली. प्रकाश पडला नाही.

डॉक्टरांनी दानाच्या पायाचा वास घेतला. "हिची जखम कोरडी आहे. मग हा वास कुठला?"

"माझा असेल," खलफान म्हणाला. जणू कुणी चुकून राहिलेल्या छत्रीची चौकशी केली होती.

मौजाने त्याला जवळच्या सोफ्यावर बसवलं, स्वतः खाली बसली आणि मोजा ओढला. मोजा कातडी घेऊनच निघाला. करंगळी काळी पडली होती, शेजारचं बोट तिच्या वाटेवर होतं. तळव्याच्या मधोमध, पिवळ्या चिखलातून, काहीतरी पांढरं डोकावत होतं. डॉक्टरांनी चिमट्याने ते उपसलं. ते लावरी पक्ष्याचं हाड होतं. दानाला भरवताना बैठकीच्या गालिच्यावर पडलं असावं, आणि हा माणूस त्याच्यावर तीन आठवडे उभा होता.

"कळलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही जाणवलं नाही बुवा." खलफानने हाडाकडे कौतुकाने पाहिलं. मग जरा धसका बसल्यासारखं वाटलं म्हणून त्याने शेजारच्या ताटातली बसबूसा उचलली. रव्याचा तो तुकडा पाकाने निथळत होता. त्याने तो अख्खा तोंडात घातला आणि बोटं चाटली.

पाय पाहून मौजाने तोंड फिरवलं नव्हतं. आता फिरवलं. ती टेबलाला धरून उभी राहिली.

"तासाभरात इस्पितळ गाठा," डॉक्टर म्हणाले. "उद्या नको. आज बोटं जातील, उद्या घोटा."

"जातो ना. आधी हिला मलम लावा. मग घरी हिला थंड खोलीत सोडतो, जेवतो, थोडा पडतो, आणि संध्याकाळी…"

मौजाने टेबलापुढे हात धरला. दाना चढली. हातमोजा नव्हता; आठही नखं सरळ मांसात गेली आणि रक्ताची धार कोपराकडे निघाली.

"अगं, हातमोजा घाल. लागेल तुला," खलफान ओरडला.

"लागतंय. भयंकर लागतंय. हात जिवंत आहे माझा." तिने दात आवळले. "मी इस्पितळात चाललेय. पक्षी हवा असेल तर तिथे ये."

"ती माझी आहे, मौजा."

"मग तिच्यामागे चल. माझ्यामागे तर तू आजवर कधी आलाच नाहीस."

खलफान उठला. पक्ष्यांच्या दवाखान्यात चाकांची खुर्ची नव्हती. तो बहिणीच्या मागून निघाला, पाठ ताठ, जराही न लंगडता, आणि पांढऱ्या फरशीवर दर डाव्या पावलाला एक ओला ठसा उमटत गेला. सोफ्यांवरच्या मालकांनी पाय वर घेतले.