दुसऱ्या परीक्षकाची सही

"लिहा ना 'उत्कृष्ट'. तीन अक्षरं लिहायला हात झिजतो का तुमचा?"

टेस्टरसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पेन वहीवर टेकवलं आणि पुन्हा टोपण लावलं. सकाळपासून ही चौथी खेप.

"अगं, मेहुण्याची गोष्ट आहे म्हणून शेरा फुकट वाटायचा का?"

"मेहुणा तुमचा असेल, भाऊ माझा आहे," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "बाराला जेवायला येणार आणि आल्या आल्या वही मागणार. तेव्हा काय दाखवणार आहात?"

तेच तर सुचत नव्हतं. टेस्टरसाहेबांची तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात गेली. पंप चाचणीच्या बाकावर चढवायचा, तासभर चालवायचा आणि शेरा मारायचा. गळका पंप त्यांनी खुद्द मॅनेजरच्या सांगण्यावरूनही पास केला नाही. त्यापायी बढती हुकली, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. बायकोला वाटलं होतं, आणि ती ते अजून विसरली नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते वर्षभरात बंद पडलं. भांडारातल्या कारकुनानं मात्र तपासणीची एक कोरी, जाडजूड वही दिली आणि त्या वहीनं त्यांना कामाला लावलं. आठवड्याला मासिकातली एक कथा वाचायची आणि रविवारी सकाळी तिची नोंद करायची. रकाने छापलेलेच होते: दाब, गळती, आवाज, शेरा आणि शेवटी दोन सह्या. 'सुरू व्हायला वेळ घेते, मग बरी चालते.' 'आवाज मोठा, पाणी शून्य.' अशा पाचशे बहात्तर कथा झाल्या होत्या. अकरा वर्षांत एक रविवार चुकला नव्हता, की एक शेरा खोटा पडला नव्हता.

आणि आता पाचशे त्र्याहत्तराव्या ओळीवर मेहुणा येऊन बसला होता. साठीला टेकलेल्या माणसाची आयुष्यातली पहिली कथा छापून आली होती. परवा अंक देताना तो म्हणाला होता, "भाऊजी, बाकी कुणी काही म्हणो. तुमच्या वहीत पास झालो की मी जिंकलो."

कथा अशी, की थोरली बहीण धाकट्या भावासाठी शाळा सोडते, शिवणकाम करून त्याला शिकवते आणि भाऊ साहेब होतो त्याच दिवशी तापानं मरते. शेवटचं दीड पान भाऊ नुसता रडतो. असा पंप कारखान्यात आला असता तर टेस्टरसाहेबांनी बाकावर चढवूही दिला नसता.

"तू वाचलीस का गं?"

"मला कुणी दिली वाचायला? अंक आला तो थेट तुमच्या उशाशी."

टेस्टरसाहेबांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. 'दुसऱ्या परीक्षकाची सही.' मनात किंतु असेल तर पंप दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा, असा कारखान्याचा नियम होता. त्यांच्या मनात किंतु असा कधी आलाच नव्हता, त्यामुळे तो रकाना अकरा वर्षं कोरा होता.

"मग तूच तपास," ते म्हणाले. "तू देशील तो शेरा मला मान्य."

ती 'उत्कृष्ट' लिहील, मेहुणा खूष, आणि आपला हात स्वच्छ. स्वतःच्या हुशारीवर ते बेहद्द खूष झाले.

बायकोनं हात पुसले, चष्मा लावला. पहिलं पान तिनं उभ्यानं वाचलं, दुसऱ्याला ती बसली. शेवटच्या पानावर तिनं चष्मा काढला.

"मेली?"

"ताप आला ना तिला."

"अहो, ही मी आहे! शाळा मी सोडली, मशीन माझं. सातवीत पहिली आले होते, ते नेमकं गाळलंय यानं. आणि मेले कधी? मेले असते तर गेली तीस वर्षं हा दर रविवारी कुणाच्या हातचं जेवतोय?"

तिची शाळा अर्धवट सुटली हे टेस्टरसाहेबांना ठाऊक होतं. दोन दिवस त्यांनी या कथेची गळती शोधली होती, पण तिच्यात आपलीच बायको आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"पहिली आली होतीस?"

"कधी विचारलंत?"

तिनं वही पुढ्यात ओढली आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'गळती: शेवटच्या दीड पानात. बहीण मरत नाही. दुरुस्त करून परत आणणे. शेरा: नापास.'

"अगं, रडेल तो!"

"रडू दे. सराव आहे त्याला. दोन घास जास्त वाढीन."

मग तिनं सही केली. सावकाश, पूर्ण नाव, शाळेत शिकवतात तशा वळणदार अक्षरात. आणि केली ती पहिल्या रकान्यात, मुख्य परीक्षकाच्या जागी.



दारावरची घंटा वाजली. "उघडा की," म्हणत ती भाजीकडे वळली. उठण्याआधी टेस्टरसाहेबांनी पेन घेतलं, अकरा वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात आपली सही केली आणि दार उघडायला गेले.