कुणाकडून आलं

"बाळाने दूध पुन्हा ओकलं बघा," नर्स मास्तरीणबाईंना म्हणाली.

जन्मभर शिवणाचा क्लास चालवून पोरींना दरडावणाऱ्या मास्तरीणबाई इस्पितळाच्या बाकावर गप्प बसून होत्या, हेच मुळी नवल. नातवंड झालं त्या दिवशी मुलगा की मुलगी, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच नव्हतं. "नुसतं बघून नीट कळत नाहीये. रक्त तपासू, सोनोग्राफी करू, मग बोलू. तोवर कुणीही घाईने काही ठरवायचं नाही," एवढंच म्हणाल्या. आणि मास्तरीणबाईंची जीभ म्हणजे कात्रीच! सुनेच्या खाटेशी उभ्या राहून त्या बोलून गेल्या, "आमच्याकडे बाई असं कधी कुणाचं झालं नाही."

तेव्हापासून सून भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळाला पाजायला उठायची तेवढंच. ताटाला हात लावत नव्हती.

"आई, तिला लागलंय ते," मुलगा म्हणाला.

"मी काय मुद्दाम बोलले?"

"मुद्दाम नसेल. पण बोललीस ना?"

चुकीचं कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही, हे त्याच तर पोरींना शिकवायच्या. आता बाळ रोज सुकत चाललं होतं. ते गेलं, तर सून आपलं तोंड पाहायची नाही आणि तिचं काही चुकणारही नाही, हे त्यांना पुरतं कळत होतं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिघांना बोलावलं.

"मुलगी आहे. गुणसूत्रं मुलीची आहेत, गर्भाशयही आहे. मूत्रपिंडांवर छोट्या ग्रंथी असतात. तिच्या ग्रंथींना एक गरजेचं हार्मोन बनवता येत नाही, म्हणून अंगातलं मीठ निघून जातंय. पुरुषी हार्मोन मात्र जास्त बनलं, म्हणून बाहेरून कळेना. औषध चालू केलंय. जन्मभर द्यायचं, एक दिवसही चुकवायचं नाही. मग बघा, ही पोर तुम्हाला पळवून पळवून दमवेल."

"पण हे आलं कुठून?" मुलाने विचारलं. सुनेने मान खाली घातली.

"दोघांकडून. जनुकाची तपासणी केली ना आपण? एक दोष आईकडून आलाय, एक बाबांकडून. एकच आला असता, तर ती आजारीच पडली नसती."

मास्तरीणबाई उठून सुनेपाशी गेल्या. "चुकलं गं माझं. फार चुकलं," त्या म्हणाल्या. सून हमसून हमसून रडली, पण ताट तसंच राहिलं.

औषध लागू पडलं. दूध पोटात राहू लागलं, गालांवर बाळसं आलं, आणि भूक लागली की पोर सगळा वॉर्ड डोक्यावर घेऊ लागली. मास्तरीणबाईंना ते रडणं ऐकून इतकं बरं वाटायचं, की त्या उगाच दोन मिनिटं तिला रडू द्यायच्या.

थोरल्या जाऊबाई बघायला आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "सुनेच्या माहेरी कुणाला होतं का गं असलं काही?"

बाळाला थोपटणारा सुनेचा हात थांबला.

"तिच्या माहेरचं कशाला काढता?" मास्तरीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "माझ्याकडून आलंय ते. नाक माझं, आवाज माझा, हेही माझंच. अजून काही विचारायचंय?"

जाऊबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं.

सून उठली. तिने पोरीला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

"मग सांभाळा तुमची नात," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."