बासष्ट पानांची फाइल

एकोणिसाव्या पानावर आलं की कॉम्प्युटर मान टाकायचा. सकाळपासून ही चौथी वेळ.

पंपमिस्त्रींची बायको शिवणकाम शिकवायची. शेवटची दोन वर्षं खपून तिने कपडे बेतायच्या आकृत्यांचं पुस्तक तयार केलं होतं. ती गेल्यावर बंद पडलेला तिचा वर्ग सोमवारी पुन्हा सुरू होणार होता. आता लेक शिकवणार होती आणि तिला हे पुस्तक हवंच होतं. छापखानेवाल्याने बजावलं होतं, "पाचपर्यंत छपाईची प्रत पाठवा, नाहीतर पुढच्या महिन्यावर जाईल."

"बाबा, दुकानवाला म्हणतोय, फॉर्मॅट मारू, सगळं पुसून नव्याने भरू. तासाभराचं काम आहे," लेक म्हणाली.

"आणि तुझ्या आईचं आकृत्यांचं सॉफ्टवेअर? आता मिळतं का ते कुठे?"

लेकीने नकारार्थी मान हलवली.

"पंप घरघरला म्हणून मी कधी कुणाची विहीर बुजवली नाही. सरक जरा."

मिस्त्रींची चाळीस वर्षांची रीत होती. अंदाजाने पाना लावायचा नाही. एकेक झडप बंद करायची, काटा बघायचा, वहीत लिहायचं. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर तेवढा उघडला. बाकी काहीच उघडलेलं नसताना मेमरी ऐंशी टक्के भरलेली!

यादीत वरच तीन नावं होती. कॉम्प्युटर मंद झाला की 'वेग वाढवा' असं लिहिलेलं काहीतरी आणून बसवायची बायकोला सवय होती.

"आईने एका झाडूवालीवर दुसरी ठेवली, दुसरीवर तिसरी," लेक हसली.

"आणि तिघी दारातच भांडत बसल्यात."

कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीतून त्यांनी तिघींना बाहेर काढलं. काम फत्ते होतंय म्हटल्यावर हात सैल सुटला. चालू प्रोग्रॅममध्ये एक अनोळखी नाव दिसलं, तेही त्यांनी बंद केलं, आणि पडदा काळा झाला.

"अंदाजाने पाना लावायचा नाही, असं कोण म्हणत होतं?"

"मीच म्हणत होतो. तू ऐकलंस, मी नाही ऐकलं. कर पुन्हा चालू."

आता मेमरी साठ टक्क्यांवर होती, पण आकडा हळूहळू चढत होता. मिस्त्रींनी घड्याळ लावून वहीत लिहायला घेतलं. फोटो इंटरनेटवर चढवणारा एक प्रोग्रॅम होता. पहिल्यांदा तीनशे एमबी, पाच मिनिटांनी साडेचारशे, दहा मिनिटांनी सहाशे. बाकीचे सगळे जागच्या जागी.

"गळती इथे आहे," ते म्हणाले.

लेकीने त्या प्रोग्रॅमची खिडकी उघडली. आत एकच ओळ हजारदा लिहिलेली होती. खातं सापडत नाही, पुन्हा प्रयत्न करत आहे.

ते खातं बायकोचं होतं. फोटो घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊन गेल्या महिन्यात मिस्त्रींनीच ते बंद केलं होतं. सगळं नीट आवरलं, असं त्यांना वाटलं होतं. हा प्रोग्रॅम मात्र रोज सकाळपासून तिच्या नावाने दार वाजवत होता.

मिस्त्रींनी वही मिटून बाजूला ठेवली.

"मी काढू का, बाबा?"

"नको. खातं मी बंद केलं, हेही मीच करतो. आधी फोटो बघू."

फोटो डिस्कवर जागच्या जागी होते. तरी त्यांनी वेगळ्या डिस्कवर एक प्रत घेतली, चारदोन उघडून पाहिले, आणि मगच प्रोग्रॅम काढून टाकला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. बेचाळीस टक्के. दहा मिनिटांनीही बेचाळीसच.

फाइल उघडली. एकोणीस आलं, गेलं. तीस. पन्नास. बासष्ट. लेकीने छपाईची प्रत काढून पाठवली तेव्हा साडेचार वाजले होते.

दहा मिनिटांत छापखान्यातून फोन आला. "बासष्ट पानं आली. पण चाळिसाव्या पानावर बाहीला दोन-दोन रेघा दिसतात. चुकून झालंय का? एक पुसू?"

लेक फोन घ्यायला पुढे आली. मिस्त्रींनी तिला हातानेच थांबवलं आणि चाळिसावं पान समोर आणलं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बायको हीच बाही काढायची आणि त्यांना पट्टी धरायला लावायची.

"पुसू नका," ते म्हणाले. "आतली रेघ शिवायची, बाहेरची कापायची. दोन्ही बरोबर आहेत."